नॉर्मल गटातला माणूस

दादा : आ कर. अजून मोठा. अगं, तोंड उघडायला सांगतोय, तिजोरी नाही.

गप्पी : दादा, आधी मला बोलू दे. दात थांबेल.

दादा : दात कुठला थांबतोय! फिलिंग पडून आठवडा झाला आणि बाईसाहेब आज उगवल्या. हा कापसाचा बोळा ठेवला. आता जीभ हलवायची नाही. बघ केवढा खड्डा, यात गाडी अडकेल एखादी. जगाची भाषा तपासतेस आणि स्वतःच्या तोंडाकडे बघायला फुरसत नाही. लहानपणापासून अशीच तू. दुखलं तरी ब्र काढायची नाहीस. आई म्हणायची, गप्पीचं सगळं दादालाच सांगावं लागतं. डॉक्टरांकडे गेलो की मीच सांगायचो, पोटात कळ येतेय, उलटी झाली. ते बिचारे माझंच पोट तपासायला लागायचे!

गप्पी : अं अं.

दादा : पाणी ओढतोय ना, धीर धर जरा.

गप्पी : काढला बोळा. आता सांग, तुझा पेशंट कुठाय?

दादा : कुठला पेशंट?

गप्पी : वहिनीला सांगितलंस ना, कोणाचा तरी जबडा सुजलाय, इमर्जन्सी आहे, निघता येणार नाही. कुठाय तो जबडा?

दादा : येईल. वाटेत असेल.

गप्पी : बाहेरचा दिवा बंद आहे. मदतनीस बाईंना दुपारीच घरी पाठवलंस, मला कोपऱ्यावर भेटल्या. आणि मी बेल वाजवली तर दार उघडायला इतका वेळ लावलास, मला वाटलं आत कोणी नाहीच.

दादा : तू पोलिसांत कधी भरती झालीस? आ कर बघू.

गप्पी : नाही करणार. संध्याकाळी वहिनीच्या मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन उघडतंय. तू येणार नाहीस हे तिने मला फार शांतपणे सांगितलं, दादा. रडली असती तरी बरं वाटलं असतं.

दादा : तिला तिथे माझी काय गरज? कलेतलं मला ओ की ठो कळत नाही. कोणी विचारलं, डॉक्टर, काय वाटतं, तर मी काय सांगणार? गळत नाही ना, मग झालं! उगाच तिची शोभा.

गप्पी : किती छान बोलतोस.

दादा : मग!

गप्पी : म्हणून तर तुझा आवाज घेतला होता आम्ही. आठवतं?

दादा : न आठवायला काय झालं? माइकसमोर बसवलंत आणि म्हणालात, गप्पा मारा. फुकटची करमणूक. झाला का तुमचा तो प्रयोग?

गप्पी : चालू आहे. माणूस बोलतो कसा, त्यावरून सोशल अँग्झायटी ओळखता येते का ते बघतोय. चारचौघांत जायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, घरातून निघायच्या आधीच जे घामाघूम होतात, अशी माणसं. ती स्वतःहून कधी डॉक्टरकडे येत नाहीत, कारण तिथेही माणसंच असतात. म्हणून त्यांचं बोलणं लिहून काढायचं आणि संगणकातल्या भाषेच्या मॉडेलला वाचायला द्यायचं. ते खुणा करतं, इथे बघा, तिथे बघा.

दादा : माहितीये. आणि मी तुलनेसाठी होतो. ठणठणीत लोकांचा गट. नॉर्मल! तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सर्टिफिकेट दे म्हणावं, फ्रेम करून लावू.

गप्पी : मॉडेलने तुला त्या गटातून बाहेर काढलं.

दादा : म्हणजे?

गप्पी : तुझ्या फाईलवर खुणाच खुणा आल्या. फाईलला नाव नसतं, नुसता नंबर असतो. आमचे सर म्हणाले, हे मॉडेल हुकलं, हा गृहस्थ अख्खा वेळ खिदळतोय, बाजूला काढा ही फाईल. मी हेडफोन लावला. पहिल्या वाक्यालाच ओळखलं तुला.

दादा : थांब. हात धुतो.

गप्पी : आत्ता धुतलेस.

दादा : पुन्हा धुतो. डॉक्टर आहे मी, हात धुवायचे पैसे पडत नाहीत मला. काय म्हणाले सर? हुकलं ना? मग विषय संपला. यंत्र आहे, हुकणारच. तुम्हीच त्याला काहीतरी भलतं खाऊ घातलं असेल.

गप्पी : हुकतं, खरंय. एका आजीबाईंवर अशाच खुणा आल्या होत्या. त्या बिचाऱ्या थांबून थांबून बोलत होत्या, कारण कवळी नवीन होती. त्यांना भीती कसलीच नव्हती, उलट आमच्या सरांना त्यांनीच झापलं. म्हणून मी नुसत्या खुणा बघून आले नाही. तुझं सगळं बोलणं ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग माझी झोप उडाली.

दादा : आणि हे मला सांगायला परवानगी आहे तुला?

गप्पी : नाही. कोणाचा निकाल कोणाला सांगायचा नाही, असा नियम आहे. डॉक्टर भेटल्याशिवाय तर नाहीच नाही. तू तक्रार केलीस तर मला काढतील.

दादा : वा! म्हणजे तू नियम मोडणार आणि वेडा ठरणार मी. उद्या हेच तुमचं मॉडेल नोकरीच्या मुलाखतीत लावतील. बोल बाबा दोन वाक्यं, हं, हा घाबरट, नको हा. असं विचारायला आले नाहीत का कोणी अजून तुमच्याकडे?

गप्पी : आलेत.

दादा : बघ!

गप्पी : त्यावरून आमच्यात रोज भांडणं चालू आहेत. मी नाही म्हणणाऱ्यांत आहे. त्याची मलाही धास्ती वाटते, दादा. पण मी आज कंपनीची म्हणून आले नाहीये.

दादा : मी कोणाचा दात हलतोय हे त्याचं बोलणं वाचून सांगतो का? आत बघावं लागतं.

गप्पी : आत बघायच्या आधी एक्स-रे काढतोस ना? तो काही दात उपटत नाही. कुठे बघायचं ते दाखवतो. तेवढंच.

दादा : दिवसाला इतक्या लोकांशी बोलतो मी! सगळ्यांना विचार. त्या समोरच्या दुकानदाराला विचार, तो म्हणतो, डॉक्टर, तुमच्याकडे दात काढायला नाही, हसायला येतो.

गप्पी : त्या सगळ्यांच्या तोंडात तुझा हात असतो. त्यांना उलटं बोलता येत नाही.

दादा : हात काढ त्या ट्रेवरून.

गप्पी : चिडू नकोस.

दादा : नाही चिडलो. हा ट्रे नीट लावतोय.

गप्पी : तुला सांगितलं होतं, अलीकडे एखाद्या समारंभाला गेला असाल तर त्याबद्दल बोला. तू मित्राच्या नव्या दवाखान्याच्या पार्टीबद्दल बोललास. त्यात मित्र काय म्हणाला ते नाही, काय खाल्लं ते नाही. गाडी कुठे लावली म्हणजे पटकन काढता येईल, ते आहे. दारं किती, त्यातलं स्वयंपाकघरातून बाहेर जाणारं कुठलं, ते आहे. दोन्ही हातांत काहीतरी धरून ठेवलं की हात मिळवावे लागत नाहीत, हे तू विनोद म्हणून सांगितलंस. आम्ही सगळे हसलो त्याला. मॉडेल हसलं नाही.

दादा : विनोदच होता तो.

गप्पी : आणि हे बघ. दातांबद्दल, गाडीबद्दल, माझ्याबद्दल बोलताना तू ‘मी’ म्हणतोस. दर वाक्यात मी, मी. पार्टीच्या दारात पोचलास आणि तुझा ‘मी’ गायब. ‘एखाद्याला वाटतं, आत गेलो की सगळे वळून बघतील.’ ‘माणसाच्या पायांत गोळे येतात.’ ‘आपण काहीतरी बोलून बसतो आणि रात्रभर तेच घोळत राहतं.’ कोणाला वाटतं, दादा? कोणाच्या पायांत?

दादा : बोलण्याची पद्धत असते एकेकाची.

गप्पी : असेल. मग तू स्वतःच्या दवाखान्यात मागच्या दाराने का येतोस?

दादा : पार्किंग मागे आहे.

गप्पी : पार्किंग पुढे आहे. मी तिथेच गाडी लावलीय. पुढून आलं की बाहेर बसलेले पेशंट एकदम मान वर करून बघतात, म्हणून तू कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत येतोस. बाईंनी सांगितलं. त्यांना वाटतं, डॉक्टर स्वच्छतेची तपासणी करतात.

दादा : ही बाई फार बोलते.

गप्पी : मीही दिला होता आवाज. तुला बोलले नव्हते.

दादा : तुला तर वेड्यांच्या गटाची अध्यक्षच केलं असेल.

गप्पी : एक खूण नाही.

दादा : काहीतरीच! तू? तू लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली जायचीस.

गप्पी : पलंगाखाली मला बरं वाटायचं. गारवा होता, माझी पुस्तकं होती. मला माणसांची भीती नव्हती रे, नुसता कंटाळा यायचा. घरच्यांनी ठरवून टाकलं, ही घाबरट आणि तो धीट. आणि माझ्या वाटचं सगळं तुला बोलायला लावलं. पाहुण्यांसमोर गाणं कोण म्हणणार, दादा. दुकानात जाऊन वस्तू बदलून कोण आणणार, दादा. तू जायच्या आधी मोरीत जाऊन ओकायचास. मी बघितलंय. मला वाटायचं, तुला पित्त आहे.

दादा : सगळ्यांनाच वाटायचं.

गप्पी : तुला काय वाटायचं?

दादा : मला... अगं, कोणीतरी जायलाच हवं होतं ना. फोन वाजतोय बघ.

गप्पी : वहिनीचा आहे.

दादा : माझ्या हातात ग्लोव्हज आहेत. वाजू दे.

गप्पी : मी स्पीकरवर लावते. वहिनी, बोल, मी आहे.

वहिनी : तू तिथे काय करतेस?

गप्पी : दात दाखवायला आले होते.

वहिनी : बरं. मग डॉक्टरांना सांग, चिंता करू नका. मी सगळ्यांना सांगितलंय, ते परगावी गेलेत, परिषद आहे. म्हणजे कोणी विचारणार नाही.

दादा : परगावी कशाला?

वहिनी : ऐकताय वाटतं. मागच्या प्रदर्शनाच्या वेळी मी सांगितलं होतं, इमर्जन्सी आहे, येतीलच एवढ्यात. सगळा वेळ दाराकडे बघत उभी होते. लोकसुद्धा बघायला लागले दाराकडे. परगाव बरं. परगावाहून कोणी एवढ्यात येत नसतं.

दादा : अगं, पण तो जबडा खरोखर—

वहिनी : कुठलाच जबडा नव्हता. तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. बाईंना विचारलं मी. भांडत नाहीये, डॉक्टर. मला फक्त खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. तुला माझी भांडी म्हणजे पोरखेळ वाटतो. वाटू दे. लाज वाटत असेल तर तेही बोल. पण हे जबडे नकोत.

दादा : लाज? तुझी?

वहिनी : मग कोणाची? माझ्या भावाच्या गृहप्रवेशाला तू गाडीतून उतरला नाहीस. माझ्या मैत्रिणी आल्या की तुला औषधं आणायला जायचं असतं. मी काय समजायचं? आता ठेवते. मला इथे चौथरे पुसायचेत.

गप्पी : वहिनी, थांब. ठेवू नकोस. दादा, बोल.

दादा : काय बोलू?

गप्पी : मागच्या वेळी काय झालं ते.

दादा : मागच्या वेळी... मी आलो होतो.

वहिनी : कुठे?

दादा : तिथेच. समोर औषधांचं दुकान आहे ना, त्याच्या पायरीवर उभा होतो. फुलं पण होती. काचेतून तू दिसत होतीस, ती निळी साडी. म्हणजे कसं असतं, माणूस ठरवतो, हे दोघं आत गेले की जाऊ. मग ते जातात, आणखी चार येतात. मग वाटतं, आता फार उशीर झाला, आता गेलं की सगळे...

गप्पी : कोण ठरवतो, दादा?

दादा : मी. मी ठरवतो. मी उभा होतो. माझे पाय उचलेनात. दुकानदार दोनदा म्हणाला, साहेब, काय देऊ? शेवटी लाजेकाजेस्तव खोकल्याचं औषध घेतलं.

वहिनी : ती बाटली... मी विचारलं होतं तुला, खोकतंय कोण?

दादा : हो.

वहिनी : आणि फुलं?

दादा : त्यालाच दिली. तो इतका गोंधळला, औषधाचे पैसेच घेईना.

वहिनी : हसवू नकोस मला. मी चिडलेय.

दादा : चीड. पण लाज तुझी नव्हती गं. तुझी कशी असेल? त्या काचेत तू अशी उभी होतीस आणि मी... मला वाटलं, मी आत येणार आणि काहीतरी मूर्खासारखं बोलणार, आणि लोक म्हणतील, हिचा नवरा हा?

वहिनी : हे तू मला इतक्या वर्षांत एकदाही का नाही सांगितलंस?

दादा : मलाच कुठे माहीत होतं? मला वाटायचं, सगळ्यांचं असंच होतं, बाकीचे नीट लपवतात. आज ही सांगत आली, यंत्राने ओळखलं म्हणे.

वहिनी : यंत्राने?

गप्पी : वहिनी, ते मी नंतर सांगते सगळं. ओळखलं-बिळखलं नाही, शंका काढली. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या बघतील आणि मग त्या सांगतील ते खरं.

दादा : त्यांच्याकडे बाहेर बसावं लागतं का?

गप्पी : काय?

दादा : वेटिंगमध्ये. बाकीच्या लोकांबरोबर.

गप्पी : पहिली भेट फोनवर करतात त्या. ह्याच कारणासाठी.

दादा : हं. हुशार दिसतात.

वहिनी : ऐक. लोक संध्याकाळी येणार आहेत. आत्ता हॉल रिकामा आहे. मी आहे, आणि दिवे लावणारा एक जण आहे, तो शिडीवरून खाली बघतसुद्धा नाही. आत्ता येतोस?

दादा : आत्ता?

वहिनी : तू माझं एकही भांडं मांडलेलं पाहिलेलं नाहीस. भट्टीतून काढलेलं पाहिलंस, स्वयंपाकघरात पाहिलंस. मांडल्यावर ते वेगळं दिसतं.

दादा : आणि लोक आले की?

वहिनी : आले की आले. तुला निघायचं असेल तर नीघ. मला सांगून नीघ, बस. परगावाचं मी बघते काय करायचं ते. ठेवते आता.

दादा : हिचा दात उघडा आहे अजून.

गप्पी : माझ्या दाताला काही होत नाही. घाल कसलंतरी सिमेंट आणि चल.

दादा : कसलंतरी नसतं ते. आ कर. अगं, ग्लोव्हज बदलायचे राहिले. थांब जरा. आता कर. हां. चाव हळू. उंच लागतंय का?

गप्पी : नाही.

दादा : खरं सांग.

गप्पी : थोडं लागतंय.

दादा : मग तसं म्हण ना. घासतो. तुझ्या वहिनीला कळव, निघालो म्हणून. आणि गाडी तू चालव.

(प्रदर्शनाच्या हॉलमागचा जिना. संध्याकाळ. दारापलीकडून बऱ्याच माणसांच्या बोलण्याचा आवाज.)

वहिनी : इथे आहेस होय? मला वाटलं, गेलास.

दादा : सांगून जाणार होतो. तू त्या उंच बाईंशी बोलत होतीस, मध्ये कसं घुसायचं कळेना.

वहिनी : म्हणून जिन्यात?

दादा : निघालो होतो. खाली गेलो. मग वाटलं, सांगितलं नाही तुला, परत वर आलो. दाराशी आलो तर आत हा एवढा गलका. पुन्हा खाली गेलो. असं दोन-तीनदा झालं. आता दम लागला म्हणून पायरीवर बसलोय.

वहिनी : घामाने शर्ट भिजलाय तुझा.

दादा : तो मघाशीच भिजला. ते दाढीवाले माझ्याकडे आले ना, तेव्हा. म्हणाले, तुम्ही परिषदेहून लवकर आलात वाटतं.

वहिनी : अरे देवा. मग?

दादा : मी म्हटलं, हो, रद्द झाली. मग त्यांनी विचारलं, कशावर होती? मी म्हटलं, अक्कलदाढ. मग पाच मिनिटं ते मला स्वतःची अक्कलदाढ दाखवत उभे होते. ते बरं गेलं. तोंड उघडं असलं की मला जमतं. नंतर त्यांनी आणखी दोघांना बोलावलं, तेव्हा नाही जमलं.

वहिनी : पण भांडी बघितलीस तू. सगळी. एकेकाजवळ थांबलास.

दादा : लोक यायच्या आत बघून घेतली. ते कोपऱ्यातलं काळं, एका बाजूला जरा दबलेलं, ते विकू नकोस.

वहिनी : ते बिघडलेलं आहे. भट्टीत दबलं.

दादा : असू दे. मला ते आवडलं. काहीच कळत नाही मला त्यातलं, पण आवडलं.

वहिनी : तुझ्या बहिणीने मला सगळं सांगितलं. नोकरी जाईल म्हणत होती.

दादा : कोण तक्रार करतंय? ती कुठाय?

वहिनी : आत आहे. गप्पी आज माझ्या वतीने लोकांना भट्टी समजावून सांगतेय. थांबायलाच तयार नाही.

दादा : ती? लोकांना?

वहिनी : तिला भट्टीतलं काहीएक कळत नाही. चुकीचं सांगतेय सगळं. पण लोक माना डोलावतायत.

दादा : आज सकाळी मला कोणी विचारलं असतं ना, तर मी शपथेवर सांगितलं असतं, मला काही होत नाही. आता तिने नाव दिलं त्याला आणि ते उलट वाढल्यासारखं वाटतंय. आत उभा होतो तर सारखं वाटत होतं, हे लोक माझं बोलणं ऐकून मनात खुणा करतायत.

वहिनी : करत असतील.

दादा : धीर द्यायची ही कुठली तऱ्हा!

वहिनी : मला नाही येत धीर द्यायला. मी इतके दिवस भलत्याच गोष्टीवर चिडले होते, ते अजून पुरतं उतरलेलं नाही. उद्या त्या डॉक्टरीणबाईंना फोन करशील?

दादा : बघू.

वहिनी : करशील?

दादा : तू शेजारी बसलीस तर करेन. बोलू नकोस, नुसती बस.

वहिनी : बसेन.

दादा : जा आता. आत तुला शोधत असतील. पाहुणे आहेत, तुझा दिवस आहे. मी इथे बरा आहे.

वहिनी : माहितीये. सरक जरा.